कोरड्या विहिरीवरचं इंजिन

"जरा डावीकडं घ्या. सायबाला रस्त्यावरनंच दिसलं पायजे," म्हणत श्रीमंतनं शेवटचा खांदा लावला आणि आठ गड्यांनी इंजिनाचं धूड विहिरीच्या काठावर टेकवलं. ग्रामसेवक कानिफनाथनं वाकून आत पाहिलं. तळाला, जिथं पाणी असायला हवं होतं तिथं, एक शेळी सावलीला बसून रवंथ करत होती.

"आधी तिला वर आणा," कानिफनाथ म्हणाला.

शेळी पायऱ्या चढून आली, पण नाखुशीनं. बहात्तरचा पाऊस पारनेर तालुक्याला वळसा घालून गेला होता आणि त्र्याहत्तरच्या मार्चात सबंध पिंपळदऱ्यात तेवढीच एक गार जागा उरली होती.

इंजिन साता समुद्रांपलीकडच्या एका संस्थेनं दिलेलं. जिल्ह्यात अशी वीस आली, त्यांतलं एक श्रीमंतच्या विहिरीला मिळालं. सोबतच्या कागदावर अट होती: इंजिन फक्त पाणी उपसण्यासाठी वापरावं, दुसऱ्या कामाला लावल्यास परत नेण्यात येईल. विहिरी आटतात हे अट लिहिणाऱ्याला कोणी कळवलं नसावं. दिवाळीच्या आत श्रीमंतची विहीर कोरडी पडली, इंजिन पोत्याखाली गेलं, आणि त्याच सुमाराला गावात परदेशातूनच मिलो आली, म्हणजे तांबडी ज्वारी. मिलोचा स्वभाव हटवादी. जातं दमायचं, ती दमायची नाही. दिवसभर तलावाच्या कामावर माती वाहिलेल्या बायकांना दळणासाठी तीन कोसांवरची गिरणी गाठावी लागे.

तेव्हा श्रीमंतची भावजय मालनबाई त्या पोत्याकडं बघत एवढंच म्हणाली होती, "भावजी, ह्याला फिरायला पानीच लागतं का? धोंडा फिरवू द्या की."

गावानं कुठूनशी मोडीत निघालेली गिरणी आणली, गोठ्यात बसवली आणि तिला इंजिन जोडलं. रोज दुपारच्या सुट्टीत दळण चालू झालं. दरमहा कानिफनाथपुढं एक छापील तक्ता येई. त्यात 'इंजिन चालू आहे काय?' असं विचारलेलं असे. तो 'होय' लिही. कुठं चालू आहे, हे तक्त्यानं कधी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगण्याची सवय सरकारी नोकरीत राहत नाही.

मग पत्र आलं, की संस्थेचे साहेब स्वतः पाहणीला येत आहेत. गिरणीवर गोधड्या पडल्या, इंजिन परत विहिरीवर निघालं. बायकांना आज येऊ नका म्हणून निरोप द्यावा का, असं कानिफनाथनं विचारलं, तर मालनबाईनं त्याला वेड्यात काढलं. इंजिनाचा आवाज झाल्याशिवाय कोणी येत नाही, मग निरोप कशाला? हे त्यालाही पटलं. घोटाळा तिथंच झाला.

बाराच्या सुमाराला जीप आली. नगरच्या विस्तार अधिकाऱ्यामागून एक लांबलचक साहेब उतरला. चेहऱ्यावर तीन दिवसांचा कंटाळा होता. तो सरळ विहिरीपाशी गेला आणि वाकला. शेळी पुन्हा खाली जाऊन बसली होती. दोघांनी एकमेकांकडं बराच वेळ पाहिलं.

"पाणी कालच खाली गेलंय," कानिफनाथ घाईनं म्हणाला. "श्रीमंत, मार हँडल."

इंजिन सुरू झालं. दळण सुरू झाल्याचं लांबवर कळावं म्हणून धुराच्या नळीवर चढवलेला तेलाचा रिकामा डबा काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. तो डबा पुक पुक करून वाडीवस्तीपर्यंत ओरडायला लागला. इंजिन दाखवायचं म्हणजे ते वाजणार, हा विचार गावात फक्त आत्ता, आठ-दहा जणांना एकदमच सुचला.

बांधावर पहिल्यांदा एक पाटी दिसली, मग पाच, मग रांगच. तलावावरच्या बायका दळण घेऊन झपाझप आल्या. पुढं असलेल्या बनुबाईनं विहीर पाहिली, इंजिन पाहिलं, आणि विचारलं, "मालने, आज गिरनी हिरीवर का गं आनली?"

श्रीमंतनं इंजिन बंद केलं. विहिरीतून शेळी ओरडली.

साहेबानं विस्तार अधिकाऱ्याला काही विचारलं, अधिकाऱ्यानं कानिफनाथकडं पाहिलं. मालनबाई पुढं झाली.

"भाऊसाहेबांचा गुन्हा न्हाई," ती कानिफनाथकडं हात करून म्हणाली. "हिरीत पानी न्हाई, सायेब. इंजिन बसून गंजलं असतं, आमी कामाला लावलं. न्यायचं तर न्या. पर ह्या बायांनी दळायचं कुठं, ते सांगून जा."

अधिकाऱ्यानं हे सगळं चार शब्दांत पलीकडच्या भाषेत नेलं. साहेबानं बनुबाईच्या पाटीत हात घातला आणि तांबडे दाणे ओंजळीत घेऊन वास घेतला. मग तो रांगेच्या कडेनं एकेका पाटीवर बोट ठेवून मोजत शेवटापर्यंत गेला, परत आला आणि त्यानं तक्ता मागून घेतला. 'लाभार्थी कुटुंबे' पुढं कानिफनाथनं लिहिलेला 'एक' हा आकडा त्यानं खोडला, तिथं 'त्रेचाळीस' लिहिलं, सही ठोकली. नंतर टोपी अधिकाऱ्याकडं दिली आणि इंजिनाला खांदा लावला. गोठ्याकडं.

गोधड्या निघाल्या, पट्टा चढला, पीठ उडू लागलं. कानिफनाथनं मनातल्या मनात पार डोंगरातल्या राजूरला झालेली आपली बदली पाहून ठेवली होती. अधिकाऱ्यानं त्याला बाजूला घेतलं.

"नऊ गावं झाली," तो हळूच म्हणाला. "नऊही ठिकाणी इंजिन विहिरीवर, अगदी अटीप्रमाणं. पॅकिंगचा कागदसुद्धा निघालेला नाही."

"आणि इथं?"

"तीन दिवसांत साहेब हसलेले मी आत्ता बघतोय."

साहेब खरंच हसत होता. भुवया पिठानं पांढऱ्या करून तो सगळ्यांच्या पुढं घुसला होता आणि गिरणीच्या तोंडात डोकावत होता. मालनबाईनं मान वर न करता सांगितलं, "भाऊसाहेब, त्यांना म्हनावं, रांग मागनं हाय."

एवढं इंग्रजी कानिफनाथला जमलं नाही. त्यानं बोट दाखवलं. साहेब मुकाट्यानं चालत जाऊन रांगेच्या शेवटी रिकाम्या हातांनी उभा राहिला. पुढच्या चांगुणानं मागं वळून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, डोक्यावरची पाटी उतरवून त्याच्या हातांत दिली, आणि निवांतपणे पदर सारखा करायला लागली.