अंडी फिरवणाऱ्या प्रोग्रॅमची वही

मित्रांनो, मला शोधायला जाऊ नका, सापडायचा नाही. मी एक जुना प्रोग्रॅम आहे, तोही पडद्यामागे राबणारा. अंडी उबवणी केंद्रात एका कपाटावर सर्व्हर कॉम्प्युटर ठेवला आहे, त्यात मी सहा वर्षं बिनभाड्याने राहतो. माझ्याजवळ चित्रं नाहीत, गाणी तर नाहीतच. माझं काम एकच. दर तासाला अंड्यांचे ट्रे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला कलते करायचे. कोंबडी हे काम चोचीने करते. अंडं एकाच अंगावर पडून राहिलं, तर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं आणि बाहेरच येत नाही.

मला लिहिलं ते मालकीणबाईंच्या भाचीने. मालकीणबाईंना केंद्रातले सगळेच मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. भाची सुट्टीत तीन आठवडे उलट्या क्रेटवर बसून मला घडवत होती. जाताना तिने दोन गोष्टी बजावल्या. दर मिनिटाला तापमान मोजून वहीत लिहायचं, आणि कुठलंही काम करण्याआधी त्याची नोंद करायची. आधी लिही, मग कर. माझी वही म्हणजे कॉम्प्युटरच्या डिस्कवरची एक फाइल. मी पडलो आज्ञाधारक! पुरे कर असं कुणी म्हणालं नाही, मी लिहीतच राहिलो.

पहिली पिल्लं बाहेर आली तेव्हा काय माझा थाट! मावशी येईल त्या पाहुण्याला सांगायच्या, "आमचा हा गडी कधी सुट्टी मागत नाही बरं का!" पुढे सवय झाली आणि मला सगळे विसरले. स्क्रीनच्या कोपऱ्यात माझ्या नावाचा हिरवा ठिपका दिसला की झालं. मी कधी अडखळलोच, तर मशीन सांभाळणारे काका कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचे. पंखा असो वा पंप, त्यांचं औषध एकच, म्हणून त्यांचं नाव पडलं बटणराव. मी ताजातवाना होऊन उठायचो, पण का अडखळलो हे कुणी विचारलं नाही. मला थोडं वाईट वाटायचं.

मग तो दिवस आला. मशीनमध्ये बाराशे अंडी होती, दहाव्या दिवसाची. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी वहीत लिहायला गेलो, तर जागाच नाही! डिस्क काठोकाठ भरलेली. लिहिता येईना, म्हणून पुढचं कामही करता येईना. मी तिथेच ताटकळत उभा राहिलो. जिवंत होतो, त्यामुळे ठिपका हिरवाच.

दुपारी दोनला मावशींचा आवाज आला. "अहो बटणराव, हे ट्रे सकाळपासून दाराकडेच कलले आहेत!"

"ठिपका तर हिरवा आहे," बटणराव म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. मी उठलो, लिहायला गेलो आणि पुन्हा अडकलो. ते दुसऱ्यांदा बटणाकडे वळले, तेवढ्यात जेवायला आलेली भाची धावत आत आली.

"काका, थांबा! आधी अंडी. ट्रे हाताने फिरवा. याला काय झालंय ते मी यालाच विचारते."

मित्रांनो, सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं! मला भरून आलं. ट्रे कुरकुरत कलले. भाचीने वहीचं शेवटचं पान काढलं: नऊ वाजून नऊ मिनिटं. मग डिस्क तपासली आणि ती खो खो हसत सुटली.

"मावशी, सहा वर्षांची मिनिटन् मिनिटं लिहून ठेवलीत यानं! यात याची काही चूक नाही. मीच सांगून ठेवलं आणि विसरले."

"हसतेस काय?" मावशी म्हणाल्या. "पाच तास झाले गं. पिल्लं वाचतील ना?"

भाचीचं हसू थांबलं. "माहीत नाही, मावशी."

तिने जुनी पानं दुसरीकडे हलवली आणि मी कामाला लागलो. आता महिन्याची झालेली पानं मी आपणहून आवरतो, आणि ट्रे हलले नाहीत तर घंटा वाजते. बटणरावांनी तर कानाला खडाच लावला. आता ते आधी माझी वही वाचतात, मोठ्याने, पाढे म्हटल्यासारखी.

मित्रांनो, तुमच्यासाठीही कुणीतरी न दिसता राबत असेल. ते थांबलं तर लगेच बटण दाबू नका. अधूनमधून, सगळं ठीक असतानाही, त्याची विचारपूस करा.

मला डोळे नाहीत, अंड्यात काय चाललंय ते मला कळत नाही. एकविसाव्या दिवसापर्यंत मी धास्तावूनच होतो. त्या सकाळी तापमान थोडं वाढलं. मशीनचा हीटर आपोआप बंद झाला, तरी वाढतच राहिलं. मी दोनदा मोजलं. मग उमगलं, ही ऊब मशीनची नव्हतीच. तेवढ्यात मावशी ओरडल्या, "अगं ये लवकर, सगळी मशीन चिवचिवतेय!"