चटणीची डबी आणि चार मार्क

कार्डिफच्या हॉस्पिटलात आम्ही तिघं मराठी डॉक्टर होतो: पद्माकर, शशी आणि मी. सत्याऐंशी साली दर शुक्रवारी आम्ही एका नव्या कॅफेत लंच करायचो आणि दहापैकी मार्क द्यायचो. पद्माकर सगळ्यांना नऊ देई, कारण खिशातून स्टीलची डबी काढून तो प्रत्येक पदार्थावर लसणाची चटणी घालायचा.

"तू कॅफेला मार्क देत नाहीस, स्वतःच्या चटणीला देतोस," मी त्याला दर वेळी सुनवायचे.

स्टेशनजवळच्या कॅफेला मी चार दिले, तेही मोठ्याने, इंग्रजीत. चिप्स गार आणि चहा म्हणजे नुसतं पाणी. त्यात पद्माकर भरलेली डबी तिथेच विसरला, त्यामुळे पुढच्या शुक्रवारी पुन्हा तिथेच जावं लागलं. माझं डोकं फिरलं होतं.

मालकीण मिसेस प्रोसर डबी घेऊन आल्या. "तुमचे मार्क मी ऐकले होते," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याने ही चटणी चीज-टोस्टवर घालून संपवली. त्याचे नऊ."

डबी लख्ख घासलेली होती. पद्माकरने झाकण उघडलं, तर आत तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले तीन छोटे वेल्श केक. अजून गरम होते. भरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे या बाईंना कोणी सांगितलं होतं कुणास ठाऊक.

"अजूनही चारच का?" शशीने विचारलं.

"चारच," मी केक खात म्हणाले.

पण आता भरलेली डबी आमच्याकडे आली होती. म्हणजे पुढच्या शुक्रवारी ती भरून इथेच आणणं आलं.