खंडेनवमीचं एंटर

लॅपटॉपच्या लिनक्सवर रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा चढवायची म्हणजे चहा उकळायच्या आत होणारं काम, असं कोकिळा सकाळी छातीठोकपणे म्हणाली होती. लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेलसा करून देणारा रस्टचा जुना कंपायलर तिच्या नव्या प्रोग्रामला दाद देत नव्हता. मग तिनं तो मुळासकट उपटून टाकला, नवा बसवायची आज्ञा टर्मिनलच्या काळ्या खिडकीत टाइप केली आणि खुशाल चहा टाकायला गेली. पण नेट देऊळघाट गावचं, ते आपलं रांगत रांगत आलं.

तेवढ्यात तिच्या सासूबाई, गोजरबाई, खंडेनवमीच्या पूजेला लागल्या. विळे, कुऱ्हाडी, नटबोल्टचे पाने घासूनपुसून त्यांनी पाटावर मांडले आणि सुनेचा लॅपटॉपही उघडाच उचलून त्यांच्या रांगेत ठेवला. पाटावर गेलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत कामाचा हात लावायचा नाही, हा घरचा नेम.

कोकिळानं वाकून पाहिलं. पडद्यावर प्रश्न येऊन थांबला होता: नेहमीसारखं बसवू का? होकाराला नुसतं एंटर दाबायचं होतं. प्रोग्राम तर संध्याकाळी पाठवायचा होता. पण डगमगेल ती कोकिळा कसली!

"आत्याबाई, याले कुंकू राह्यलं तुमचं."

"कुठं लावू वं?"

"या उजव्या कडेच्या मोठ्या बटनाले. सारा जीव त्यातच हाये त्याचा."

गोजरबाईंनी बोट कुंकवात बुडवलं. बटणाकडं पाहिलं, मग सुनेच्या तोंडाकडं.

"नुसतं टेकवू," त्यांनी विचारलं, "का दाबून लावू?"