थॉरचे खांब आणि योरुनची कालवड

ओत्तार या वसंतातल्या चौथ्या फेरीहूनही हात हलवत परत आला, तेव्हा योरुनने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. झोपडीच्या दारात बसून ती जाळं शिवत होती, ती शिवतच राहिली.

“नाही सापडले,” तो म्हणाला.

“मी विचारलं?”

दोन वर्षांपूर्वी नॉर्वे सोडून ते निघाले होते. या बेटाची बर्फाळ शिखरं दिसली तसा ओत्तार जहाजावर उभा राहिला आणि बापाच्या बैठकीचे दोन कोरीव खांब त्याने समुद्रात लोटून दिले. एकावर थॉर देवाचं तोंड, दुसऱ्यावर त्याचा हातोडा. “थॉर ज्या किनाऱ्याला लागेल, तिथेच मी चूल मांडीन!” असं तो सगळ्यांसमोर ओरडला. जहाजावरच्यांनी ढाली बडवल्या. योरुननेही बडवली होती, आणि ते आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

उतरल्यावर बाकीचे आपापल्या जागा शोधत पांगले. नदीच्या मुखाशी काळ्या वाळूत या दोघांनी झोपडी घातली, खांब सापडेपर्यंत, चार दिवसांपुरती. चार दिवसांचे दोन हिवाळे झाले. छप्पर गळे, अंथरूण कधी वाळत नसे. पहिल्या पानगळीत तिथे स्वाना जन्मली आणि भर हिवाळ्यात खोकून खोकून गेली. ओत्तार तेव्हा खांब शोधायला गेला होता. वाळूत खड्डा टिकेना, म्हणून योरुनने पोरीला वरच्या दरीच्या तोंडाशी पुरलं आणि स्वतःच्या हातांनी वर दगड रचले. आता तिला पुन्हा पाचवा महिना होता.

“दरीत गवत उठलंय,” ती म्हणाली. “बर्चचं रान आहे, नदीत मासे आहेत, जमिनीतून ऊन पाणी येतंय. चार भिंती घाल. तुझे खांब सापडले की पाडू.”

“चूल मांडली की मांडलीच. व्हार देवी शपथा ऐकते. मोडणाऱ्याला सोडत नाही ती.”

“आणि परवा पूर्वेला शीड दिसलं ते? ती माणसं देवाला विचारत बसणार आहेत? सकाळी उतरतील, दरीभोवती आगट्या पेटवत फिरतील, आणि दरी त्यांची होईल. मग तू बस वाळू चाळत!”

कोपऱ्यातून ग्रोआदाई म्हणाली, “देवापुढे घाई चालत नाही गं.” या म्हातारीने ओत्तारला लहानाचा मोठा केला होता, त्यामुळे तिला उलट बोलायची सोय नव्हती. योरुनने सुई जाळ्यात खुपसली.

दुसऱ्या दिवशी ओत्तार पूर्वेकडे गेला. जाताना बजावून गेला, “पश्चिमेच्या टोकाला जाऊ नका. मी सगळं पाहिलंय. नुसता कातळ आहे, पाय कापतो.” पण जळण संपलं होतं, नुकतंच वादळ होऊन गेलं होतं, आणि वाहून आलेले ओंडके कुठे अडकत असतील तर ते त्या टोकालाच. योरुन दोर घेऊन निघाली. बरोबर मुइरिन होती. ही आयर्लंडची, मागच्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून दासी म्हणून आलेली. तिचा देव एकच होता, आणि त्यामुळे तिला मालकांच्या देवघराचा पत्ताच लागत नसे.

“बाई, तुमचे देव तरी किती? मोजायला घेतले की बोटं संपतात माझी.”

“सासरची माणसं मोजावीत तसे मोजायचे,” योरुन म्हणाली. “सगळ्यांच्या वर ओडिन. शहाणपण मिळावं म्हणून एक डोळा विहिरीला देऊन आला. सगळं कळतं त्याला, पण घरी म्हणून सापडायचा नाही. टोपी खाली ओढतो आणि भटकत सुटतो.”

“आपल्या मालकांसारखं.”

“मालकांचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. शहाणपणाचं... जाऊ दे. त्याची बायको फ्रिग. कुणाचं पुढे काय होणार ते सगळं तिला ठाऊक, पण सांगायची कुणाला नाही. सूत कातत बसते. मला नसतं बाई जमलं.”

“आणि हा थॉर?”

“ओडिनचाच मुलगा, पण आई वेगळी, धरणी. लाल दाढी, हातात हातोडा, गाडीला दोन बोकड. राक्षस दिसला की ठेचतो. रात्री स्वतःचेच बोकड कापून खातो आणि सकाळी हाडांवर हातोडा फिरवला की ते परत उभे राहतात.”

“मग त्याला सांगा, एक बोकड इकडे पाठव.”

“बोकड नको, त्याचं तोंड पाठवलं तरी पुरे.” योरुन एका खडकावरून उतरली, दम घेतला. “हाइमदाल म्हणून एक आहे, देवांच्या पुलावरचा पहारेकरी. त्याला गवत वाढताना ऐकू येतं.”

“मग आपल्या दरीतलंही येत असेल.”

“त्याला येतं गं! ओत्तारला येत नाही.”

मुइरिन हसली, पण योरुनला हसू आलं नाही. बोलता बोलता तिचा राग वाढतच चालला होता. फ्रेयाचं सांगताना तर आवाज चिरकला. फ्रेया मांजरांच्या गाडीतून फिरते, अडलेली बाई तिलाच हाक मारते, आणि तिचाही नवरा सदान्‌कदा दूर. ती त्याच्यासाठी रडते तेव्हा त्या आसवांचं सोनं होतं. “मी दोन वर्षं रडले,” योरुन म्हणाली, “उशी तेवढी कुजली.”

मुइरिनने विषय बदलायला विचारलं, “समुद्राचा देव कोण?”

“न्योर्ड. आणि त्याची बायको स्काडी, डोंगरातली, शिकारीण. तिला सांगितलं, देवांतला कुठलाही नवरा घे, पण नुसते पाय बघून निवडायचा. तिला हवा होता बाल्डर, सगळ्यांत देखणा. सुरेख पाय बघून तिने बोट दाखवलं, निघाला न्योर्ड! मग राहायचं कुठे यावरून जुंपली. नऊ रात्री तिच्या डोंगरात, नऊ रात्री त्याच्या किनाऱ्यावर. त्याला लांडगे झोपू देईनात, तिला समुद्रपक्षी. शेवटी ती गेली आपल्या डोंगरात आणि तो राहिला पाण्याकाठी.”

“अरेरे.”

“अरेरे कसलं? भांडायला दोन दोन घरं होती त्यांना!”

एवढं बोलून ती टोकाच्या शेवटच्या खडकावर चढली आणि तिथेच थिजली. खाली दोन कातळांच्या फटीत खांब अडकले होते. दोन्ही. थॉरचं नाक तुटलं होतं, दाढीत शेवाळ वाढलं होतं, पण तोंड तेच. सभोवती फुटलेला काळा दगड. गवताची काडी नाही, गोडं पाणी नाही, आणि वारा असा की उभं राहवेना.

“इथे?” योरुन थॉरला म्हणाली. “एवढा मोठा किनारा, आणि तुला हीच जागा मिळाली?”

मग ती खाली उतरली. तिचं ठरून गेलं होतं. “मुइरिन, ढकल. भरती लागेल आत्ता. दोर बांधून काठाकाठाने ओढत नदीच्या मुखाशी नेऊ. उद्या ओत्तारच येऊन बघेल आणि नाचेल.”

“देवाला फसवायचं, बाई?”

“देवांनी काय केलं? त्यांच्या गावाला भिंत हवी होती. एक राक्षस म्हणाला, एका हिवाळ्यात बांधतो, मला फ्रेया द्या, वर चंद्र-सूर्य द्या. हे हो म्हणून बसले. भिंत पुरी व्हायला आली तसं तोंडचं पाणी पळालं. मग लोकीने, एक नंबरचा लबाड तो, घोडीचं रूप घेतलं आणि राक्षसाचा दगड ओढणारा घोडा रानात पळवून नेला. काम राहिलं, थॉरने गवंड्याचं डोकं फोडलं, भिंत यांना फुकट. आणि लोकीला आठ पायांचं शिंगरू झालं, ते ओडिन मिरवतो! घरासाठी देव एवढं करतात. मी दोन लाकडं सरकवतेय.”

तिने खांबाखाली हात घातला, आणि बोटांना कातड्याचा दोर लागला. एक कुजलेला तुकडा, आणि त्याच्याशेजारी दुसरा, चांगला, नवा. गाठ दुहेरी फासाची, टोक आत खोचलेलं. ही गाठ ओत्तारच्या बापाची. ओत्तारखेरीज या बेटावर कुणाला येत नव्हती. आणि नव्या दोराचं कातडं गेल्या पानगळीत तिने स्वतः खारवलं होतं.

योरुन त्या ओल्या कातळावर बसली. मग तिने तो नवा दोर सोडवून घेतला.

ओत्तार दुपारी परतला, तेव्हा तिने तो दोर त्याच्या मांडीवर फेकला. त्याने तो उलटून पाहिला नाही. बघायची गरज नव्हती.

“कधी?” तिने विचारलं.

“पहिल्या पानगळीत.”

“स्वाना व्हायच्या आधी की नंतर?”

त्याने दोर बाजूला ठेवला. “आठ दिवस आधी,” म्हणाला. “योरुन, तू जागा बघितलीस ना? तिथे राहिलो असतो तर एक हिवाळा निघाला नसता. आणि दरीत राहिलो असतो तर शपथ मोडली असती. मी रात्री खांब ओढून नदीच्या मुखासमोरच्या पाण्यात सोडले. सात दिवसांनी बघतो तर परत त्याच फटीत. गेल्या पानगळीत पुन्हा सोडले. पुन्हा तेच. वाटायचं, एखाद्या लाटेला तरी थॉरचं मन बदलेल.”

“म्हणजे तू शोधत नव्हतास.”

“मी... बघायला जायचो. हलले का ते.”

खांब सरकवल्याबद्दल योरुनला बोलायला तोंड नव्हतं, सकाळी तीही तेच करायला निघाली होती. आग पेटली होती ती वेगळीच. “अरे, फसवायचंच होतं तर घर तरी बांधायचंस!” ती ओरडली. “देवालाही फसवलंस, मलाही फसवलंस, आणि पोर ओल्या वाळूत ठेवलीस! देवाची लबाडी उचललीस ती तरी पुरती उचलायचीस!”

कोपऱ्यात ग्रोआदाई इतका वेळ हललीही नव्हती. तिने सुक्या माशाचा तुकडा खाली ठेवला.

“पुरुष जमीन घेतो ती आगट्या पेटवून,” ती म्हणाली. “बाई घेते ती कालवडीने. दोन वर्षांची, धडधाकट कालवड. वसंतातला एक दिवस. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत दावं धरून जेवढ्या जमिनीला फेरा घालेल, तेवढी तिची.”

“दाई, ते विधवांसाठी आहे,” ओत्तार म्हणाला.

“नवरा मेलेलाच हवा, असं मी तरी ऐकलेलं नाही. घरी नसला तरी चालत असेल.” म्हातारीने त्याच्याकडे बघितलं नाही. “तुला मी देव शिकवले, पोरा. शिकवण्यात माझंच काही राहिलं असावं.”

पहाटे उजाडता उजाडता योरुन ब्रांदाला घेऊन दरीच्या तोंडाशी उभी राहिली. ब्रांदा ही त्यांची कालवड, इथल्या पहिल्याच वसंतात जन्मलेली, लाल-काळी आणि हट्टी. फेरा सुरू करायचा तो स्वानाच्या दगडांच्या बाहेरच्या बाजूने, हे योरुनने कुणाला विचारलं नाही. ग्रोआदाई साक्षीला तिथेच पांघरूण घेऊन बसली. मुइरिन ओली काठी घेऊन मागे.

पहिला डोंगर बरा गेला. मग दलदल लागली आणि ब्रांदा पोटापर्यंत रुतली. दोघींनी शेपूट आणि शिंगं धरून ती ओढून काढली. बर्चच्या रानात कोवळी पालवी दिसली की ती हलायला तयार नाही. दुपार कलली आणि ऊन पाण्याच्या झऱ्यापाशी ब्रांदाबाई चक्क बसल्या. गरम जमीन पोटाला लागली, डोळे मिटले, रवंथ सुरू.

“ऊठ!” योरुनने दावं ओढलं. “ऊठ गं सटवे! ओडिनच्या डोळ्याची शपथ तुला, थॉरच्या नाकाची शपथ!” कंबर मोडून आली होती, पोटात पोर लाथा मारत होतं. “सगळे आहात ना वर? गवताचा देव फ्रेय आहे, झोपलाय कुठे? फ्रिग, तुला ठाऊक आहे ना ही उठणार की नाही, मग सांग की!” तिला रडू फुटलं, आणि रडता रडता तिने ब्रांदाच्या पाठीवर दोन्ही मुठी हाणल्या. मुइरिन आपल्या एकट्या देवाचं नाव घेत शेपूट पिरगाळत होती. कुणाचा उपयोग झाला ते सांगता येत नाही, पण ब्रांदा उठली.

ओत्तार दिवसभर फेऱ्याच्या बाहेरून चालत होता. जवळ आला नाही. पुरुषाचा हात लागला तर फेरा बाद होतो, हे त्याला ठाऊक होतं. दलदलीत त्या रुतल्या तेव्हा तो काठावर मुठी आवळून उभा राहिला आणि त्याने पाय पुढे टाकला नाही. योरुनने ते पाहिलं होतं.

सूर्य समुद्राला टेकला, तेव्हा ब्रांदाचा खूर सकाळच्या खुणेवर पडला. “मिटला फेरा,” ग्रोआदाई म्हणाली. योरुन दगडांच्या राशीशेजारी धपकन बसली.

ओत्तार खुणेच्या पलीकडे येऊन थांबला.

“स्वानाला आत घेतलंस,” तो म्हणाला.

“तिच्यापासूनच सुरू केलं.”

“मी कुठे राहू?”

“शपथ घेतलीयस ना? जा थॉरपाशी, मांड चूल. नऊ रात्री तिथे काढ. दहाव्या दिवशी इथे भिंती घालायला ये. ही जमीन माझी, तू पाहुणा. पाहुण्याने काम केलं म्हणून व्हार देवी रागवायची नाही.”

“आणि खांब?”

“राहू देत तिथेच. त्याला आवडलीय जागा.”

ओत्तारने मान हलवली. पण तो गेला नाही. खुणेच्या अलीकडे त्याने पाऊल टाकलं नाही, आणि नजर त्या दगडांवरून हलवली नाही. पोरीला पुरलं तेव्हा तो समुद्रावर होता, आणि नंतर तो या बाजूला कधी फिरकला नव्हता.

“योरुन, आत येऊ?” त्याने विचारलं. “थोडा वेळ?”

तिने दावं हाताला गुंडाळलं, उठली, कंबरेवर हात ठेवून सरळ झाली.

“ये,” ती म्हणाली. “पण काळोख व्हायच्या आत नीघ.”

तो आत आला आणि गुडघ्यांवर बसला. हिवाळ्यात वरचा एक दगड घसरून खाली पडला होता. त्याने तो उचलला आणि नीट परत जागेवर बसवला. योरुन ब्रांदाला पाण्यावर घेऊन गेली.