थोरली मेली

भोरवाडीच्या सबस्टेशनात दोन बस होत्या. बस म्हणजे यार्डात उंचावर आडव्या बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या. बाहेरून आलेली वीज आधी त्यांच्यावर उतरते, मग गावोगाव वाटली जाते. एक बंद करायची तर सगळा भार दुसरीनं उचलायचा. दोन जावांसारखं. म्हणून कोंडाजी लाइनमननं त्यांना नावं दिली होती: थोरली आणि धाकटी.

पाटीवर क्रमांक होते. ते कुणी म्हणत नसे.

मार्च २००३. शुभांगीला ऑपरेटर होऊन तिसरा आठवडा.

"मॅडम, आज थोरली पुसायची. लय धूळ बसली हाय."

"परमिट लिहिते, काका."

"लिही की सावकाश. बंद झाली का फोन कर, म्हंजी झालं."

तिनं सगळा भार एकीवर हलवला, दुसरी बंद केली. खोलीतून यार्डातल्या फोनवर म्हणाली, "काका, थोरली मेली."

"देव तिला सद्गती देवो," कोंडाजी हसला.

मग तिनं परमिटाचं, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीचं, पुस्तक उघडलं. बस क्रमांक –

पेन थांबलं. तिनं खिडकीतून पाहिलं.

तिनं बंद केलेली बस मागची. जाड नळ्यांची. मोठी, ती थोरली.

कोंडाजी उभा होता पुढच्या, चालू बसखाली. बारीक नळ्या, जुन्या. आधी आली, ती थोरली.

हातात अर्थिंगची काठी, बंद नळी जमिनीशी जोडायची. तांब्याचा आकडा

वर

"काका!" काच बंद. यार्डाची घूं घूं.

आणखी वर

येणाऱ्या दोन्ही लाइनींचे स्विच तिनं एकदम फिरवले.

घूं घूं थांबली. विंचूरचा कांद्याचा लिलाव, दवाखाने, गिरण्या, सगळं एका दमात गेलं.

कोंडाजीनं काठी खाली घेतली. बावीस वर्षांत एवढी शांतता त्यानं यार्डात ऐकली नव्हती. काय झालं, हे त्याला त्या शांततेनंच सांगितलं.

तो आत आला तेव्हा नाशिकच्या मुख्य कचेरीचा फोन वाजत होता. शुभांगीचा हात रिसीव्हरपर्यंत जाईना.

"मोठी ती थोरली ना, काका?"

"नाय, पोरी. आधी आली ती." त्यानं फोन उचलला. "साहेब, कोंडाजी बोलतोय. लाइनी बाईंनी बंद पाडल्या. मी जित्ता हाय म्हणून बोलतोय. चूक शब्दाची व्हती. शब्द माझा."

पुढच्या बसच्या पाटीवरचा क्रमांक शुभांगीनं परमिटात लिहिला. मग तो परमिटासमोर बसला.

"वाच."

"बस क्रमांक एक."

"बस क्रमांक एक," कोंडाजी म्हणाला. अंगठ्याशेजारचं बोट त्यानं त्या क्रमांकावर ठेवलं. "पुन्यांदा वाच."