रविवारची रिकामी चौकट

"अगं, बाही वर करून बसून थंडी वाजायला लागली मला. सुई आणायला गेलीस की सुईचा कारखाना काढायला?"

अण्णांचा आवाज कॉरिडॉरमधून थेट औषधभांडारात आला. बाकावरचे दोघंतिघं पेशंट हसले. मी लशींच्या फ्रिजसमोर उभी होते आणि माझ्या हातात तापमानाचा तक्ता होता. रविवार, संध्याकाळी पाच. चौकट रिकामी.

अण्णा म्हणजे माझे सासरे. छत्तीस वर्षं लिफ्ट मेकॅनिक होते. वय पंचाहत्तर, थंडीत खोकला ठरलेला. फ्लूची लस घ्या म्हणून मी तीन हिवाळे त्यांच्या मागे लागले होते. "फ्लू म्हणजे काय गं? शिकलेली सर्दी," म्हणून ते मला वाटेला लावायचे. यंदा मात्र स्वतःहून तयार झाले. का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बदलले असते. हॉस्पिटलमध्ये कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना लस मिळायची. मी तिथली फार्मासिस्ट, फ्रिजची जबाबदारी माझी. आज सकाळी अण्णा आणि संध्याकाळी, आमची मुलगी चिमी शाळेतून आली की, ती आणि आम्ही दोघं नवराबायको, असं ठरलं होतं.

"मोठ्या सिस्टर, कालची संध्याकाळची नोंद?"

"अगं बाई, राहिलीच! काल अपघाताच्या केसेस आल्या ना एकामागून एक. पण बघा की, आत्ता चार आहे."

"आत्ता चार आहे. काल किती होतं?"

"सगळ्यात कमी किती झालं ते थर्मामीटर लक्षात ठेवतं ना?"

"ठेवतं. पण सकाळी बटण दाबून ते पुसलंय कोणीतरी."

सिस्टरनी जीभ चावली. "सवयीनं दाबलं हो."

लस दोन ते आठ अंशांमध्ये राहिली पाहिजे. हा फ्रिज मागच्याच आठवड्यात दोनदा शून्यापर्यंत उतरला होता. तेव्हा आत काही नव्हतं. दुरुस्त होऊन आल्यावर शुक्रवारी मी त्यात लशींची पेटी ठेवली होती. ही लस एकदा गोठली की वाया जाते, आणि वितळल्यावर दिसते मात्र तशीच. नुसत्या डोळ्यांनी काही कळत नाही. फ्रिजमध्ये दर दहा मिनिटांनी आपलं आपण तापमान टिपणारं एक यंत्र होतं, पण ते वाचणारा माणूस कंपनीतून यायचा आणि तो कधी येईल हे कंपनीलाही ठाऊक नसायचं.

"मॅडम, एवढा म्हातारा माणूस बसलाय. देऊन टाका," सिस्टर हळूच म्हणाल्या.

मी पेटीवर लाल चिठ्ठी चिकटवली. 'वापरू नये.'

अण्णांनी बाही खाली केली. मनगटावरचं बटण त्यांना लागेना, ते मी लावून दिलं. ते रागावले नाहीत. उलट सुनेची कारागिरी आवडल्यासारखे दिसले. "बरोबर आहे," म्हणाले, "शंका आली की हात लावायचा नाही."

घरी माझ्या नवऱ्याला ते पटलं नाही. "मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊ या सगळे. पाच मिनिटांचं काम."

"त्यांच्या फ्रिजमध्ये लशीशेजारी दुधाची पिशवी असते. मी पाहिलीय."

"दुधालाही थंडच लागतं की."

"फ्रिजचं दार दिवसातून किती वेळा उघडत असेल, हिशोब कर."

"हिशोब तू कर. मला नुसती लस दे."

"मला दूध टोचलं तरी चालेल," अण्णा म्हणाले. चिमी खो खो हसली, मग आम्हीही हसलो, आणि विषय तिथेच राहिला. नवी पेटी पंधरा दिवसांत येणार होती. "पंधरा दिवसांनी काय बिघडतंय," असं एक वाक्य त्या दिवशी आमच्या घरात बोललं गेलं. ते माझं होतं.

नवी पेटी लांबली. एकोणिसाव्या दिवशी चिमी शाळेतून ताप घेऊन आली. अण्णा तिच्या उशाशी पत्ते घेऊन बसायचे. मी त्यांना दुसऱ्या खोलीत जा म्हटलं की "डाव अर्धा आहे" म्हणायचे. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा कामावर निघून गेले. चार दिवसांत चिमी पलंगावर उड्या मारू लागली आणि पाचव्या दिवशी अण्णा तापानं झोपले. पुढे न्यूमोनिया झाला. अकरा दिवस ते आमच्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर, ऑक्सिजनवर होते. त्यांची औषधं खालून मीच काढून द्यायचे. प्रत्येक बाटलीची तारीख दोनदा वाचायचे.

त्यांना घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्यानं यंत्र लॅपटॉपला जोडलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. त्या रविवारची रेघ तीन आणि पाच अंशांच्या मधून चालत गेली होती. कुठेही वाकली नव्हती.

"एकदम ठणठणीत, मॅडम. वापरा बिनधास्त."

मी लाल चिठ्ठी ओढली. तिच्याबरोबर पुठ्ठ्याचा पापुद्रा निघून आला. दुपारपर्यंत सिस्टरनी त्या पेटीतून चाळीस जणांना लस टोचली होती. मग त्या आत आल्या आणि औषधांच्या कपाटाकडे तोंड करून रडल्या. "नोंद मी चुकवली."

"नोंद तुमची, सिस्टर. निर्णय माझा."

लशीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे एकोणीस दिवस पुरेसे होते. ही लस म्हाताऱ्या माणसाला वाचवतेच असं नाही, हेही मला माहीत आहे. घेऊनसुद्धा ते आजारी पडले असते, कदाचित इतके नसते. मी हे पुन्हा पुन्हा मांडून पाहते. दर वेळी गाडी त्या 'कदाचित'पाशी थांबते. चिमीला तरी ती लस मिळाली असती, मग तिचा ताप, मग पत्त्यांचा डाव... तिथून पुढे मी मांडत नाही.

महिनाभरानं एका दुपारी चहा देताना मी अण्णांना सांगून टाकलं. नवऱ्याला आधी सांगितलं होतं.

"म्हणजे लस चांगली होती," अण्णा म्हणाले. हल्ली ते वाक्याच्या मध्ये थांबतात.

"हो."

"आणि... त्या दूधवाल्या डॉक्टरची?"

"तीही बहुतेक चांगलीच असणार."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "एकदा मी एक लिफ्ट बंद केली होती. दोराचा आवाज... आवडला नाही मला. पाटी लावून आलो. सहाव्या मजल्यावर एक आजीबाई राहायच्या. त्या जिना चढून गेल्या. दुसऱ्या दिवशी दोर उतरवून पाहिला, तर नवाकोरा."

"मग? त्या आजी?"

"साखर कमी घातलीस आज," अण्णा म्हणाले.

मी साखर आणायला उठले.

दर महिन्याला मी त्यांना तपासणीला घेऊन जाते. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि इमारत जुनी, लिफ्ट नसलेली. परत येताना पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांचा श्वास संपतो. ते कठड्याला धरतात आणि भिंतीवर काही लिहिलेलं असावं तसे तिच्याकडे बघत उभे राहतात. वरून शेजारीण उतरत असते. "काय अण्णा, बरे आहात ना?" असं ती विचारते, आणि उत्तर देण्याइतका श्वास त्यांच्याकडे नसतो. मग मी पर्स उघडते आणि म्हणते, "थांबा हं अण्णा, किल्ली सापडत नाहीये." शेजारीण हसून निघून जाते. मी पर्समध्ये हात घालून रुमाल, पेन, रिपोर्ट खालीवर करत राहते.

किल्ली माझ्या डाव्या मुठीत असते. तिचं टोक बाहेर आलेलं असतं, आणि ते त्यांना दिसतं.

"नीट शोध," थोड्या वेळानं ते म्हणतात. "घाई नाही."