कडकताईला काम हवंय

"काढ म्हटलं ना तो फोटो!"

"मावशी, अगं चार हजार लोकांनी बघितलाय."

"म्हणूनच काढ. एकाने बघितला असता तर एवढी ओरडले नसते."

भाचीने फोन छातीशी धरला आणि दोन पावलं मागे सरकली. मावशीच्या हातात झाडू होता, आणि मावशीचा काही भरवसा नव्हता.

फोटो होताच तसा. दुपारी जेवून खुर्चीत जरा डोळा लागला, मान एका बाजूला कलंडली, तोंड अर्धं उघडं, केस सुटलेले. नेमका तोच क्षण साधून पोरीने टिपला होता. खाली लिहिलं होतं, 'ही माझी मावशी. बावीस वर्षं एका हॉस्पिटलसाठी राबली. आज या थकलेल्या हातांना काम नाही. मदत कराल?'

"थकलेले कुठले गं? तुझ्याकडे रडले होते का मी?"

"आधी साधं लिहिलं होतं ना, तुझं सगळं काम, अनुभव. कोणी ढुंकून बघितलं नाही. रडवल्याशिवाय लोक थांबत नाहीत, मावशी."

तिचंही चुकत नव्हतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. चार महिने झाले होते. नऊ ठिकाणी जाऊन झालं होतं. सगळीकडे एकच प्रश्न, सर्टिफिकेट आहे का? नव्हतं. ती ज्या वर्षी लागली तेव्हा या कामाचा कोर्स कुठे निघाला नव्हता, आणि पुढे निघाला तेव्हा कोर्स करणाऱ्या मुलींना शिकायला हिच्याकडेच पाठवत होते.

हॉस्पिटलच्या तळघरात एक खोली असते, ती रुग्णांना कधी दिसत नाही. वर ऑपरेशनला वापरलेली हत्यारं तिथे येतात, धुऊन पुसून मोजली जातात, दुहेरी कापडात बांधली जातात आणि वाफेच्या मशीनमधून निघून पुन्हा वर जातात. त्या खोलीची ही मुख्य. वर्षानुवर्षं तिला कोणी नावाने हाक मारली नाही, सगळे कडकताई म्हणायचे. एखाद्या पॅकची गाठ सैल दिसली तरी ती अख्खा ट्रे परत फिरवायची. वरून घाईचे फोन यायचे, डॉक्टर आरडाओरडा करायचे, ही आपली "वीस मिनिटं लागतील" म्हणून फोन ठेवून द्यायची. मग एक दिवस हॉस्पिटलने ते काम बाहेरच्या एजन्सीला दिलं आणि तळघराला कुलूप लागलं.

आता चार हजार लोक हळहळत होते. कोणी हात जोडले होते, कोणी सलाम ठोकला होता, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एका बाईने स्वयंपाकाला येता का विचारलं. एकजण वजन कमी करायची पावडर विकायला द्यायला तयार होता. आणि जो तो तिला मावशी म्हणत होता. सगळ्या जगाची मावशी मी कधी झाले, या विचाराने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्हाला काय येतं, एवढं मात्र चार हजारांतल्या एकानेही विचारलं नव्हतं.

"हे बघ तरी," भाची लांबूनच म्हणाली. "तुमच्या मोठ्या सर्जननी शेअर केलंय."

आता मात्र तिने झाडू खाली ठेवला. एकोणीस वर्षं या डॉक्टरांचे ट्रे तिने लावले होते. डावखुरा माणूस, म्हणून त्यांच्या कात्र्या ती वेगळ्या बाजूला ठेवायची. ते कोणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच हेरलं होतं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'माझ्या यशामागे असे कितीतरी अबोल हात आहेत. ताई, माझ्या नव्या हॉस्पिटलचे दरवाजे तुमच्यासाठी सदैव उघडे आहेत.' खाली अकराशे लोकांनी डॉक्टरांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं होतं. तळघर बंद करायच्या कागदावर याच मोठ्या मनाची सही होती. पण काम ते काम, म्हणून तिने राग गिळला आणि फोटो राहू दिला.

डॉक्टरांना भाचीने तीन मेसेज पाठवले. तिन्ही वाचले गेले. उत्तर एकाचंही नाही. आठ दिवस वाट बघून नवव्या दिवशी मावशीने इस्त्रीचे कपडे घातले, अनुभवाचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि ती त्या सदैव उघड्या दरवाजात जाऊन उभी राहिली. दरवाजा काचेचा होता आणि तो ढकलायचा की ओढायचा हे कळेना.

रिसेप्शनवरची मुलगी तिला बघून ताडकन उठली. "अय्या, तुम्ही त्या पोस्टमधल्या ना? मी रडले होते खूप. एक फोटो काढू तुमच्यासोबत?" फोटो काढून झाल्यावर तिने दोन तास बसवून ठेवलं.

शेवटी बोलावणं आलं ते छोट्या ऑपरेशनच्या खोलीत. टेबलावर एक म्हातारे गृहस्थ पालथे झोपले होते, पाठीवर लिंबाएवढी गाठ. कोपऱ्यात एक तरुण नर्स ट्रॉली लावत होती.

"या ताई, या!" डॉक्टर हात धूत होते. "आजोबा, या कोण माहितीये? अहो, यांच्या हातचं हत्यार म्हणजे डोळे मिटून घ्यावं."

"सर, काम हवंय."

"हो हो, वाचलं ना मी. त्याचं असं आहे ताई, ते सगळं आम्ही एजन्सीलाच दिलंय. सगळं तयार येतं. पण पुढच्या महिन्यात आमचा वर्धापनदिन आहे. तुमचा सत्कार ठरवलाय मी. स्टेजवर."

"सत्कार राहू द्या. काम द्या. मला रिकामं बसवत नाही."

डॉक्टर हसले. मग हातमोजे चढवत, थोडा विचार केल्यासारखं करून म्हणाले, "बरं, असं करू. दारात उभं राहाल? आलेल्या लोकांशी दोन शब्द बोलायचे, बसवायचं. तुमचा चेहरा आता ओळखीचा झालाय, लोकांना बरं वाटतं. पहिल्या तारखेपासून या."

तिला खरं तर तिथेच उलटं बोलावंसं वाटलं. बावीस वर्षांचं शिकलेलं सगळं सोडून चेहरा दाखवायला उभं राहायचं! पण भाचीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, फी भरायची होती. ती 'बरं' म्हणणारच होती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात नर्सने ट्रॉलीवर पॅक ठेवला आणि सवयीने तिची नजर पट्टीवर गेली.

प्रत्येक पॅकवर एक चिकटपट्टी असते. पॅक मशीनमध्ये नीट शिजला की तिच्यावर तिरप्या काळ्या रेघा उमटतात. या पट्टीवर एकही रेघ नव्हती. कोरी, दुकानातून आणल्यासारखी. हा पॅक वाफेत गेलाच नव्हता.

"सिस्टर, थांबा. उघडू नका."

नर्सचा हात जागच्या जागी थांबला. डॉक्टरांनी मान वळवली. "काय झालं?"

"पट्टी पांढरी आहे."

"ताई, ते एजन्सीवाले बघतात सगळं."

"त्यांनी बघितलं असतं तर हा इथे आला नसता." एव्हाना ती कपाटापाशी पोचलीसुद्धा होती. कोणाला विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. "हा पांढरा. हाही. हा बरा आहे. हा पांढरा. सातातले पाच, सर!"

आजोबा कोपरांवर उठले. "म्हणजे काय हो बाई? घाण हत्यारं?"

"आजोबा, तुम्ही झोपा," डॉक्टर म्हणाले, आणि मग दबक्या आवाजात, "ताई, तुम्ही बाहेर बसा. आपण नंतर बोलू."

"नंतर म्हणजे? कापून झाल्यावर?"

"आवाज कमी करा. पेशंट आहे समोर."

"पेशंट आहे म्हणूनच ओरडतेय!" चार महिन्यांचा सगळा संताप बाहेर पडला. "एकोणीस वर्षं तुम्ही नुसता हात पुढे केलात आणि मी बांधलेलं हत्यार तुमच्या हातात आलं. एकदा तरी पट्टी बघितलीत? बघायची वेळच आली नाही तुमच्यावर, कारण खाली मी बघत होते. मला घरी बसवताना विचारायचं तरी होतंत, की आता कोण बघणार?"

आजोबा टेबलावरून उतरले, भिंतीकडे तोंड करून त्यांनी शर्ट चढवला आणि बटणं लावत लावतच ते निघून गेले.

डॉक्टरांनी हातमोजे ओरबाडून काढले. "मी तुमच्यासाठी पोस्ट टाकली, ताई. आणि त्याची तुम्ही ही परतफेड करता?"

"माझ्यासाठी टाकली असतीत तर एका तरी मेसेजला उत्तर दिलं असतंत," ती म्हणाली. प्लास्टिकची पिशवी उचलून ती बाहेर पडली.

ती घरी पोचेपर्यंत डॉक्टरांची ती पोस्ट नाहीशी झाली होती. तिच्या जागी दुसरी आली होती. 'चांगुलपणाचा काही लोक किती गैरफायदा घेतात! पण आपण चांगलं वागणं सोडायचं नाही.' खाली पुन्हा तेच जोडलेले हात.

भाची रडायलाच आली. "मी लिहिते सगळं. पांढरी पट्टी, आजोबा, सगळं! लाखभर लोक बघतील, मावशी. त्याची चांगली जिरवते."

"ज्याला सांगायला हवं होतं त्याच्या तोंडावर सांगून आले मी. आरोग्य खात्याला अर्ज करायचाय, तो उद्या माझ्या सहीने करू. तू आधी तो फोटो काढ." ती पाणी प्यायली. "आता मी सांगते तेवढंच लिही. बावीस वर्षं अनुभव. हत्यारं धुणं, मोजणं, बांधणं, वाफेचं मशीन. तपासल्याशिवाय पॅक देत नाही. काम हवंय."

"कृपया तरी लिहू?"

"नको."

पोस्ट गेली. कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. चहा झाला, कपडे घड्या घालून झाले, फोन गप्प. भाची दर दोन मिनिटांनी बघत होती आणि ही बघत नसल्याचं दाखवत होती.

दिवेलागणीला एक मेसेज आला. भाचीने झडप घातली आणि लगेच तिचा चेहरा पडला. "कामाचं नाही गं. ती नर्स आहे, आजची."

"काय म्हणते?"

"ताई, रेघा किती काळ्या झाल्या म्हणजे बरोबर? मला कोणी शिकवलंच नाही."

शिकवलंच नाही! त्या पोरीच्या हातात हत्यारं दिली, माणसं दिली, आणि एवढंसुद्धा सांगितलं नाही. तिचे डोळे भरून आले, आणि ते रागानेच.

"दे इकडे," ती म्हणाली.

"तू सांग ना, मी लिहिते."

"दे."

तिने चष्मा लावला, फोन मांडीवर घेतला आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहायला सुरुवात केली. 'पूर्ण काळ्या. करड्या असल्या तरी परत पाठवायचं. कोणीही ओरडलं तरी.' एवढं लिहून तिने ते पहिल्यापासून पुन्हा तपासलं आणि मग पाठवलं.